नाटकाला अनुदान देण्याआधी जागेला मुदत द्या

छोट्या नाट्यसंस्थेचं नव्या वस्तीतलं पहिलं वर्ष नाटकात कमी आणि हॉलच्या दुरुस्तीत जास्त जातं. घुमणारा आवाज, तोकडी वीज, मागच्या रांगेला न दिसणारे नटांचे पाय, शेजाऱ्यांची तक्रार हे सगळं मार्गी लागेस्तोवर कराराचं वर्ष संपत येतं. मालक नवं भाडं सांगतो किंवा जागा दुसऱ्याला देतो, आणि संस्था पडदे गुंडाळून पुन्हा बाहेर पडते. बघणारे म्हणतात, या भागात नाटकाला प्रेक्षकच नाही. तो आहे की नाही हे कळण्याइतका वेळ त्या संस्थेला मिळालेलाच नसतो.

सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जागा ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी छोट्या नाट्यसंस्थांना नव्या नाटकासाठी एकरकमी मदत देण्यापेक्षा रिकामा पडलेला हॉल किमान पाच वर्षांच्या करारावर द्यावा. बदल्यात संस्थेकडून वस्तीसाठी ठरावीक कामं लेखी बांधून घ्यावीत. नाटकाला मिळालेलं अनुदान आर्थिक वर्षाच्या आत खर्च करावं लागतं. त्यातून एक शुभारंभाचा प्रयोग होतो, छायाचित्रं निघतात, अहवाल जातो. पाचवा-सहावा प्रयोग मात्र होत नाही, कारण तो करायला घर नसतं. वस्तीतली माणसं नाटकाला येऊ लागतात ती प्रयोग पुन्हा पुन्हा होत राहिले तरच.

एक साधा हॉल घेऊन बघू: दहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब, चार मीटर उंच. मध्ये खांब नाही हे गृहीत धरलंय. खांब असेल तर जागा घेण्याआधी दोनदा विचार करावा, कारण बाकी सगळं बदलता येतं, खांब हलवता येत नाही. या हॉलमध्ये ८० खुर्च्या नीट बसतात. दहा-दहाच्या आठ रांगा, खुर्चीला ५५ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना सव्वा मीटरची वाट. एका रांगेपासून दुसरीपर्यंत ९० सेंटीमीटर धरले तर प्रेक्षकांचे सव्वासात मीटर झाले. पुढे पाच मीटर खोलीची रंगजागा, आणि उरलेल्या पावणेतीन मीटरमध्ये प्रवेशाची वाट, प्रकाश-ध्वनीचं टेबल आणि मागची विंग, म्हणजे नटांनी आडोशाला थांबायची जागा. सामान ठेवायची जागा या हिशेबात कुठेच नाही, आणि बहुतेक नवे संच इथेच फसतात. रंगजागेएवढी कोठी वेगळी मिळत नसेल, तर दुसऱ्या नाटकाचं नेपथ्य पहिल्या नाटकाच्या नेपथ्यावर रचावं लागतं आणि तिसऱ्याच्या वेळी पहिलं मोडून टाकावं लागतं.

आठही रांगा सपाट जमिनीवर ठेवल्या तर चौथ्या रांगेपासून मागे नट कमरेच्या वरच दिसतात. जमिनीवर बसून केलेला प्रसंग तर निम्म्या प्रेक्षकांना निव्वळ ऐकू येतो. पहिल्या दोन रांगा खाली ठेवून तिसरीपासून प्रत्येक रांग २० सेंटीमीटरने चढवली, की आठवी रांग १२० सेंटीमीटरवर जाते आणि प्रश्न बराचसा सुटतो. पण या लेव्हल, म्हणजे रांगा चढवायला मांडलेले चौथरे, पोकळ असतात. उशिरा आलेला एक माणूस वर चढला की ढोलासारखा आवाज सगळ्या हॉलभर होतो. पायाखाली जाड सतरंजी आणि सांध्यांमध्ये रबराच्या पट्ट्या घातल्याशिवाय तो थांबत नाही. मागच्या आणि बाजूच्या कडेला कठडा लागतो. अंधारात खुर्ची सरकवताना माणूस सव्वा मीटरवरून खाली पडू शकतो.

आवाजाचं गणित तर याहून निष्ठुर आहे. गुळगुळीत भिंती, फरशी आणि स्लॅब असलेल्या अशा रिकाम्या खोलीत उच्चारलेला शब्द जवळपास चार सेकंद घुमत राहतो. संवाद स्वच्छ ऐकू यायचे तर हा घुमारा एका सेकंदाच्या आसपास हवा. ८० माणसं येऊन बसली की तो आपोआप दीड-पावणेदोन सेकंदांवर येतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. उरलेलं काम साधारण ७० चौरस मीटर जाड पडद्याने होतं. तो भिंतीला चिकटवून ताणून लावायचा नाही. भरपूर चुण्या घालून, भिंतीपासून दहा सेंटीमीटर पुढे टांगायचा. याचा एक परिणाम नवख्या दिग्दर्शकाच्या लक्षात येत नाही. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना नट घुमाऱ्याशी जुळवून घेत सावकाश बोलतात, आणि भरलेल्या हॉलमध्ये तेच नाटक रेंगाळतं. निदान शेवटच्या दोन तालमी पंचवीस-तीस माणसांसमोर झाल्या, तर लय खरी कळते. ही माणसं आसपासच्या इमारतींतून बोलवावीत.

हाच पडदा बाहेर जाणारा आवाज अडवेल असा गैरसमज सर्रास आढळतो. अंड्यांचे ट्रे, स्पंज, पडदा हे खोलीतला घुमारा कमी करतात. भिंतीपलीकडे जाणाऱ्या आवाजाला त्यांचा अटकाव जवळजवळ नसतो. आवाज अडवतात ते वजन आणि बंद फटी. ९० सेंटीमीटर रुंद, २१० सेंटीमीटर उंच दार घ्या. त्याच्या खाली एक सेंटीमीटरची फट आहे. ही फट दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम अर्धा टक्का भरते, पण तेवढ्यामुळे दार कितीही जाड केलं तरी ते २३ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणजे महागडं दार बसवून खाली फट ठेवली तर पैसे वायाच. आधी फटी बुजवाव्यात, चौकटीला रबर लावावं, खाली टेकणारी पट्टी बसवावी, आणि मग दाराच्या जाडीकडे बघावं. ढोल, तबल्याचा बायाँ, स्पीकरचा खालचा घुमणारा सूर हे हवेपेक्षा फरशीतून आणि भिंतीतून जास्त प्रवास करतात. म्हणून स्पीकर थेट जमिनीवर ठेवू नये, खाली जाड रबर घालावं.

फटी बुजवल्या, खिडक्या ब्लॅकआउटसाठी, म्हणजे पूर्ण अंधार करता यावा म्हणून झाकल्या, की पुढची अडचण उभी राहते ती हवेची. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ८० माणसांचे आठ किलोवॅट झाले. बंद खोलीत चाळीस मिनिटांत लोक जांभया देऊ लागतात, आणि दोष नाटकाला दिला जातो. पंखे लावावेत तर त्यांची घरघर हळू संवाद खाते. उपाय आहे: हवा आत आणणारी आणि बाहेर नेणारी नळी नागमोडी घ्यायची, आतून शोषक अस्तर लावायचं, पंखा हॉलपासून लांब ठेवायचा. हे काम स्वस्त नाही आणि एका वर्षाच्या करारावर कोणी करतही नाही. मग खिडक्या उघड्या टाकल्या जातात, शेजारी तक्रार करतात आणि परवानगी अडते. अशी भांडणं वरून शेजाऱ्यांशी झालेली दिसतात. मुळात ती कराराच्या मुदतीतून आलेली असतात.

वीज आणि प्रकाशाबद्दल थोडक्यात. जुने हजार वॅटचे बारा पार कॅन (डब्याच्या आकाराचे रंगमंचावरचे दिवे) एकदम लावले तर २३० व्होल्टवर ५२ अँपिअर लागतात, आणि साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच्या वर चालत नाहीत. तेवढेच एलईडी दिवे, प्रत्येकी १५० वॅटचे, आठ अँपिअरमध्ये भागतात. छोट्या संस्थेने आता जुन्या दिव्यांच्या मोहात पडू नये. ध्वनीची वायर दिव्यांच्या वायरला समांतर धावू देऊ नये, ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडावी, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येत राहते. कमी उंचीच्या हॉलमध्ये पुढच्या दिव्यांची जागा हमखास चुकते. दिवे टांगायचा पाइप साडेतीन मीटरवर असेल आणि नटाचा चेहरा सुमारे एक मीटर साठवर, तर ४५ अंशांचा प्रकाश मिळायला पाइप नटाच्या दोन मीटर पुढे हवा. लोक तो थेट शेवटच्या भिंतीला लावतात. प्रकाश आडवा येतो, आणि मागच्या पडद्यावर नटापेक्षा त्याची सावली ठसठशीत दिसते.

सुरक्षेत तडजोड नको. एकमेकांपासून लांब असलेली, बाहेर उघडणारी दोन दारं, प्रयोग चालू असताना कुलूप नाही, बॅटरीवर चालणारे दिवे, आग लवकर न पकडणारं कापड, आणि ८० म्हणजे ८०च माणसं. शिकागोच्या इरोक्वॉइ थिएटरला १९०३ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत सुमारे सहाशे माणसं गेली, आणि न उघडणारी दारं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. नव्या वस्तीतली संस्था कौतुकाच्या भरात पायऱ्यांवर पंचवीस माणसं जास्त बसवते तेव्हा ती याच चुकीच्या दिशेने जात असते.

एक गोष्ट नाट्यसंस्था लेखनाच्या टेबलावरच ठरवू शकते, आणि तिचा संबंध आहे स्वच्छतागृहांशी. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात एका स्वच्छतागृहात माणशी दीड मिनिट धरलं तर दहा माणसं होतात. दोन असतील तर वीस. ८० पैकी चाळीसांना जायचं असेल, तर मध्यंतर अर्ध्या तासाचं होतं, दुसरा अंक उशिरा सुरू होतो, शेवट रात्री लांबतो आणि पुन्हा शेजाऱ्यांची झोप. अशा जागेत ७५ ते ८० मिनिटांचं, मध्यंतर नसलेलं नाटक करावं. जागेने घातलेली ही मर्यादा लेखकाला जाचक वाटेल, पण ती मान्य करूनच लिहिलेलं बरं.

आता प्रेक्षकांचं गणित. पंधरा मिनिटांत चालत येता येईल असा परिसर म्हणजे, गल्ल्यांची वळणं धरून, साधारण एक किलोमीटर. तिथे दहा हजार माणसं राहतात असं समजा. शंभरातली दोन आली तर २०० झाली. हॉल ६० टक्के भरला, म्हणजे प्रयोगाला ४८ जण, असं धरलं तर एका नाटकाचा वस्तीतला प्रेक्षक चार प्रयोगांत संपतो. आठवड्याला एक प्रयोग केला तर एक महिना! छोटी संस्था वर्षात दोन, फार तर तीन नवी नाटकं उभी करू शकते. उरलेले नऊ-दहा महिने काय? इथे संस्थेला आपला अहं बाजूला ठेवावा लागतो. तिला हॉल चालवणारी संस्था व्हावं लागतं. पाहुण्या संचांना तारखा, मुलांचं नाटक, अभिवाचन, गाण्याची बैठक, शाळेच्या वर्गासाठी चाळीस मिनिटांचा सकाळचा प्रयोग. यात कमीपणा नाही. ज्या दारातून माणूस मुलाच्या कार्यक्रमाला आत आला, त्याच दारातून तो पुढे नाटकाला येतो. हॉल कुठे आहे, चप्पल कुठे काढायची, किती वाजता सुटतं हे त्याला माहीत झालेलं असतं.

त्यासाठी वार आणि वेळ पक्की हवी. दर शनिवारी, सायंकाळी सात. नाटक बदलेल, वार बदलणार नाही. जाहिरातीवर होणारा निम्मा खर्च या एका शिस्तीने वाचेल असं आमचं मत आहे. फुकट प्रयोगाचा मोहही टाळावा. फुकट नाव नोंदवलेल्यांतले बरेच जण येत नाहीत आणि ज्यांना यायचं होतं त्यांना जागा भरली म्हणून परत पाठवलेलं असतं. तिकीट परवडण्याजोगं ठेवावं, काही खुर्च्या ऐपतीनुसार द्याव्यात, पण नोंदणीला थोडी तरी रक्कम घ्यावी.

पाच वर्षांचा आग्रह कशासाठी, तर याच आकड्यांसाठी. महिन्याला चार प्रयोग, प्रयोगाला ४८ तिकिटं, म्हणजे वर्षाला सुमारे २,३०० तिकिटं. पडदे, लेव्हल, वायरिंग, दारं, हवेची नळी यांचा खर्च एका वर्षात वसूल करायचा तर तो २,३०० तिकिटांवर पडतो. पाच वर्षांत करायचा तर साडेअकरा हजारांवर. वस्तीला परवडणारं तिकीट आणि न परवडणारं तिकीट यांतला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो. त्यासाठी सरकारी तिजोरीतून वेगळा पैसा लागत नाही. करारावर एकाऐवजी पाच लिहावं लागतं.

इतिहासही हेच सांगतो. स्टीफन जोसेफ यांनी १९५५ मध्ये स्कारबरो या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावात सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका खोलीत रिंगणनाट्य, म्हणजे प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात असं नाटक, सुरू केलं, आणि १९७६ पर्यंत ती संस्था तिथेच होती. आरियान म्नुश्किन यांच्या तेआत्र द्यू सोलेई या नाट्यसंस्थेने १९७० मध्ये पॅरिसच्या कडेला व्हँसेनच्या रानातला जुना दारूगोळ्याचा कारखाना ताब्यात घेतला, आणि अर्ध्या शतकानंतरही तिचं घर तेच आहे. आपल्याकडे आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग केले. तो हॉल नाटकासाठी बांधलेला नव्हता, पण मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक पिढी तिथे उभी राहिली. तारखा वर्षानुवर्षं मिळत राहिल्या, इतर संस्थांनाही मिळाल्या, आणि बघणाऱ्यांना कुठे जायचं ते ठाऊक होतं.

यशाचाही एक धोका आहे. जोन लिटलवूड यांच्या थिएटर वर्कशॉपने १९५३ मध्ये पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतलं जुनं थिएटर घेतलं. कलाकारांनी स्वतः झाडलोट केली, रंगरंगोटी केली. पुढे त्यांची नाटकं गाजली, शहराच्या मध्यावरच्या व्यावसायिक थिएटरांत गेली, आणि त्यांच्याबरोबर नटही गेले. दर यशानंतर संच नव्याने उभा करावा लागे, आणि त्या दमछाकीने संस्था खंगत गेली. म्हणून छोट्या संस्थेने पहिल्याच वर्षी ठरवावं की गाजलेलं नाटक बाहेर गेलं तरी घरच्या तारखा कोण सांभाळणार. निदान एक माणूस असा हवा ज्याचं काम नट नसून दार आहे: किल्ली, तक्रारवही, बुकिंग, पाहुण्या संचाची सोय. त्याला मानधन मिळायलाच हवं. नटाने हौसेखातर फुकट काम करणं एक वेळ चालतं, पण दार उघडायला रोज फुकट येणारा माणूस चौथ्या महिन्यात थकतो.

या मागणीवर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की सार्वजनिक हॉल एका संस्थेला पाच वर्षं देणं म्हणजे इतरांचा हक्क मारणं. तसं होऊ शकतं, म्हणून करारातच तास वाटून घ्यावेत. आठवड्यातल्या सात संध्याकाळींपैकी चार संस्थेच्या, दोन पाहुण्या संचांच्या, एक वस्तीच्या सभा-समारंभांची. सकाळ आणि दुपार शाळा, ज्येष्ठ नागरिक, गाण्याच्या वर्गांना. दोन वर्षांनी आढावा घ्यावा, पण आढाव्यात नाटक चांगलं की वाईट हे अधिकाऱ्याने ठरवू नये. किती दिवस दार उघडं होतं, पाहुण्यांना किती तारखा मिळाल्या, तक्रारींवर काय झालं एवढंच मोजावं. हे भरत नसेल तर करार तिथे संपावा. नाटकाचं मूल्यमापन करारात शिरलं की पुढच्या वर्षी संस्था अधिकाऱ्याला आवडेल असं नाटक करू लागते, आणि मग जागा देऊनही काही साधत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. स्वस्त भाड्याच्या वस्तीत नाटकवाले येतात, परिसराला नाव मिळतं, भाडी चढतात, आणि आधी राहणाऱ्यांना बाहेर पडावं लागतं. जगातल्या अनेक शहरांत हे झालंय, आणि बऱ्याचदा शेवटी नाटकवाल्यांनाही जावं लागलंय. यावर नाट्यसंस्थेकडे पूर्ण उत्तर नाही, असं मानणंच प्रामाणिकपणाचं आहे. घरभाडी तिच्या हातात नसतात. तिच्या हातात एवढं असतं की खाजगी मालकाच्या भाडेवाढीच्या शर्यतीत उतरायचं नाही, सार्वजनिक जागा मागायची, आणि आपल्या जाहिरातीत वस्तीला ‘शोधून काढलेला नवा भाग’ म्हणून विकायचं नाही. तिथे माणसं आधीपासून राहत होती.

शेजाऱ्यांना त्रास होतो तो नाटकाचा कमी, नाटक सुटल्यानंतरचा जास्त. दारासमोर रेंगाळणाऱ्या गप्पा, आडव्या लावलेल्या गाड्या, रात्री साडेअकराला ट्रकमध्ये आदळणारे लोखंडी पाइप. नऊपूर्वी पडदा पडला पाहिजे, गप्पांसाठी आतच अर्धा तास दिवे चालू ठेवावेत आणि नेपथ्य रात्री न हलवता दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर उतरवावं. पाहुण्या संचाला हे पटत नाही, कारण त्यांना दुसऱ्या दिवसाचं ट्रकभाडं वाचवायचं असतं. त्यांच्या करारातही ही अट घालावी.

राहिला निघून जाण्याचा प्रश्न. पाच वर्षांनी, किंवा आढाव्यानंतर दुसऱ्याच वर्षी, संस्था निघाली तर भिंतीतली वायरिंग, पाइपांची जाळी, हवेची नळी आणि रबर लावलेली दारं कोणाची, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. आमचं मत असं की भिंतीत गेलेलं सगळं हॉलमध्येच राहावं आणि त्याची उरलेली किंमत ठरलेल्या दराने संस्थेला परत मिळावी. दिवे, पडदे आणि लेव्हल संस्थेने न्याव्यात. ही नोंद नसेल तर जाताना छतातले पाइप कापून नेले जातात, आणि पुढचा संच येतो तेव्हा घुमाऱ्यापासून पुन्हा सुरुवात होते.